स्वतंत्र राउटर (कोकणातील घरे)

स्वतंत्र राउटर : इंटरनेट पुरवठादाराने बसवलेल्या मॉडेमला स्वतःचा राउटर जोडून घरभर वायफाय पोहोचवण्याची पद्धत. कोकण किनारपट्टीवर तिची गरज बहुतेक वेळा घराच्या बांधणीतून निर्माण होते. फायबरची वायर रस्त्यावरच्या खांबावरून येते आणि पडवीत किंवा ओटीवर थांबते. मॉडेमही तिथेच भिंतीला लागतो. माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी हे सगळे त्याच्या मागे राहते. मधल्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, जुन्या घरांत फूट-दीड फूट जाडीच्या. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि पाणी वायफायच्या लहरी शोषून घेते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अशा एखाद-दुसऱ्या भिंतीतून कशाबशा पलीकडे जातात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जास्त वेग देतात, पण पहिल्याच भिंतीत बऱ्याचशा जिरतात. पावसापासून बचावासाठी घातलेला पत्रा तर त्यांना परतवूनच लावतो. त्यामुळे ओटीवर व्हिडिओ कॉल स्वच्छ दिसतो आणि चुलीपाशी बसलेल्या आजीला नातवाचा चेहरा अडकत अडकत दिसतो.

फायबरच्या जोडणीत ज्याला मॉडेम म्हणतात तो खरा ओएनटी, म्हणजे फायबरचे घरातले शेवटचे उपकरण. जीपॉन या रूढ पद्धतीत एकाच काचेच्या तंतूतून १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश घराकडे येतो आणि १३१० नॅनोमीटरचा परत जातो. त्याचे विद्युत संदेशात रूपांतर करण्याचे काम दुकानातून आणलेला साधा राउटर करू शकत नाही, म्हणून ओएनटी काढून टाकता येत नाही. लँडलाइनचा फोनही त्यालाच जोडलेला असतो. ओएनटी हलवण्यासाठी फायबर ओढू किंवा मुरडू नये. काच आतून तडकते, लॉसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागतो आणि भर पावसात वायरमनची वाट पाहावी लागते. हलवायची ती लॅनची (घरातल्या नेटवर्कची) वायर. ती १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे ओटीवरून माजघरात सहज पोहोचते.

आजचे बहुतेक ओएनटी प्रकाशाच्या रूपांतराबरोबर घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते (नेटवर्कवरचे ओळख क्रमांक) वाटण्याचे आणि वायफायचे कामही करतात. नवा राउटरही हीच दोन्ही कामे करू पाहतो, आणि सगळा घोळ इथे सुरू होतो. पत्ते वाटणारा कारभारी घरात एकच असावा.

सर्वांत सोपा मार्ग ॲक्सेस पॉइंटचा. पत्ते ओएनटीच वाटतो, राउटर फक्त वायफाय पुरवतो. राउटरमध्ये हा मोड नसेल तर त्याचे डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे, त्याचा स्वतःचा पत्ता बदलून, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२ असा, ओएनटीच्या पत्त्याशी जुळता पण वेगळा ठेवावा आणि वायर वॅनऐवजी (बाहेरून इंटरनेट येण्याच्या छिद्राऐवजी) लॅनच्या छिद्रात लावावी. डीएचसीपी बंद करायचे राहिले तर एक फोन चालतो, दुसरा चालत नाही, आणि दोष लाइनवर जातो. कोकणातल्या बहुतेक घरांना एवढेच पुरते. गौरी-गणपतीला घर भरते, वीस-पंचवीस फोन एकदम जोडले जातात, तेव्हा मात्र स्वस्त ओएनटी एवढ्यांचा भार सांभाळताना थकतो.

अशा वेळी ब्रिज मोड बरा. ओएनटी फक्त प्रकाशाचे रूपांतर करतो, बाकी सारे राउटर सांभाळतो. पुरवठादार पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन लाइन जोडण्याची पद्धत) वापरत असेल तर त्याचे युजरनेम, पासवर्ड आणि लागत असल्यास व्हीलॅनचा (लाइनवरच्या आभासी वाटेचा) क्रमांक राउटरमध्ये भरावा लागतो. पीपीपीओईची पद्धत १९९९ सालच्या आरएफसी २५१६ या तांत्रिक दस्तऐवजात नोंदलेली आहे. तिच्यात एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायच्या माहितीच्या तुकड्याचा कमाल आकार, १५०० ऐवजी १४९२ बाइट धरतात. काही ठिकाणी आधीच्या उपकरणाचा मॅक पत्ताच (कारखान्यात दिलेला ओळख क्रमांक) पुरवठादाराकडे नोंदलेला असतो, तो बदलून घ्यावा लागतो. ओएनटीच्या सेटिंग्जचे आधी फोटो काढून ठेवावेत आणि रिसेटचे बटण दाबू नये.

तिसरा प्रकार न ठरवता होतो : वायर वॅनमध्ये लावली, इंटरनेट आले, काम संपले. याला दुहेरी नॅट, म्हणजे पत्त्यांची दोनदा अदलाबदल, म्हणतात. दोघांचे पत्ते एकाच मालिकेतले नसले तर रोजच्या वापरात काही बिघडत नाही. अडचण येते मुंबईतल्या चाकरमान्याला, बंद घराच्या किंवा कलमांच्या बागेच्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला (चित्रण साठवणाऱ्या यंत्राला) थेट जोडायचे असते तेव्हा. कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालत असेल तर दिसतो. पोर्ट (बाहेरून आत येण्याचे दार) उघडून थेट पाहायचे तर दोन्ही उपकरणांत पोर्ट उघडावे लागते. तरीही दिसले नाही तर बाहेरून मिळालेला पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या मालिकेत असेल तर पुरवठादाराने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. मग घरातली कोणतीही सेटिंग उपयोगाची नाही. स्थिर आयपी मागून घ्यावा, किंवा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) मिळते का ते विचारावे.

वीज गेली की राउटर चालू ठेवून भागत नाही, ओएनटीलाही बॅकअप लागतो. छोटा यूपीएस घेताना दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्यावेत. जून उजाडताना आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात. तांब्याच्या टेलिफोन तारेतून विजेचा झटका मॉडेमपर्यंत येत असे; काचेच्या तंतूतून तो येत नाही. मात्र फायबरला आधार देणारी पोलादी तार असल्यास ती घराबाहेरच थांबवावी. घरापासून मांगरापर्यंत उघड्यावरून नेलेली लॅनची वायरही तांब्याचीच असते. ढग गडगडू लागले की ती दोन्ही टोकांनी काढून ठेवावी. खाऱ्या हवेने तिच्या जॅकचे पत्रे हिरवे पडतात. वेग विनाकारण उतरला तर राउटर बदलण्याआधी तो जॅक कापून नवा दाबून घ्यावा.