नाट्योपचार : मान्यतेच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

नाटकाच्या उपचारात्मक उपयोगाविषयी मराठीत लिहिताना बहुधा नाट्यशास्त्रापासून सुरुवात केली जाते. दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पीडलेल्यांना नाट्य विश्रांती देईल, असे त्याच्या पहिल्या अध्यायात म्हटले आहे आणि त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तेथे विश्रांती मिळते ती प्रेक्षकाला. ज्याला त्रास आहे त्यानेच रंगभूमीवर उभे राहावे, आणि प्रयोग चांगला होतो की वाईट याच्याशी कोणाला कर्तव्य नसावे, ही कल्पना बरीच अलीकडची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसजवळच्या शारांतों येथील मनोरुग्णालयात रुग्णांना घेऊन नाटके बसवली जात. पण ती बघायला शहरातील प्रतिष्ठित मंडळी येत, आणि 1813 मध्ये सरकारी आदेशाने ते प्रयोग बंद पडले.

आजच्या पद्धतींचा एक उगम व्हिएन्नात सापडतो. 1 एप्रिल 1921 रोजी तेथील एका नाट्यगृहात एका तरुण डॉक्टरने रंगमंचावर रिकामे सिंहासन ठेवले आणि युद्धोत्तर अराजकात सापडलेल्या शहरातील प्रेक्षकांना आवाहन केले, की ज्याला राज्य करावेसे वाटते त्याने वर येऊन बोलावे. प्रयोग फसला, परंतु सायकोड्रामाची, म्हणजे स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग अभिनयातून उभे करण्याच्या उपचारपद्धतीची, जन्मतारीख म्हणून तोच दिवस सांगितला जातो. पुढे त्याच डॉक्टरने उत्स्फूर्त अभिनयाचे एक नाट्यगृह चालवले, 1925 मध्ये अमेरिका गाठली आणि 1936 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे स्वतःचे रुग्णालय काढून त्यात उपचारासाठी खास रंगमंच बांधला. वॉर्म-अप, प्रत्यक्ष प्रसंग आणि शेवटी गटाने आपापले अनुभव सांगणे हा क्रम, तसेच रिकाम्या खुर्चीशी बोलणे, समोरच्याच्या जागी जाऊन त्याच्या तोंडचे बोलणे, आपल्या मनातले दुसऱ्याने आपल्या वतीने उच्चारणे ही तंत्रे आज नाट्यशिबिरांतून सर्रास दिसतात. त्यांतील बरीचशी याच परंपरेतून आलेली आहेत.

ब्रिटनमध्ये वाट वेगळी निघाली आणि ती डॉक्टरांनी नव्हे, तर मुलांबरोबर नाटक करणाऱ्यांनी काढली. नाटक आणि उपचार यांना जोडणारी ‘ड्रामाथेरपी’ ही संज्ञा तेथे 1930 च्या दशकाच्या अखेरीस व्याख्यानांतून वापरात आली. 1960 नंतर विशेष शाळा, मनोरुग्णालये आणि डे-सेंटर यांत काम वाढले आणि 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात व्यावसायिकांची संघटना उभी राहिली. अमेरिकेत तशी संघटना 1979 मध्ये झाली. सायकोड्रामात माणूस स्वतःच्याच आयुष्यातला प्रसंग स्वतःच्या नावाने उभा करतो. ब्रिटिश परंपरेतील नाट्योपचारात तो कथेतल्या राक्षसाची, वाट चुकलेल्या राजपुत्राची किंवा एखाद्या मुखवट्याची भूमिका घेतो आणि त्या आडून स्वतःपर्यंत पोहोचतो. या आडोशाला अंतर म्हणतात आणि ते किती ठेवायचे हेच या कामातले खरे कौशल्य आहे. अंतर फार कमी झाले तर माणूस जुन्या घटनेत पुन्हा बुडतो. फार वाढले तर नुसती करमणूक होते. म्हणूनच सत्राच्या शेवटी भूमिका जाणीवपूर्वक उतरवणे, म्हणजे डी-रोलिंग, हा सत्राचा आवश्यक भाग मानला जातो. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत वेळ कमी पडला की पहिली काट बहुधा याच भागाला लागते, ही चिंतेची बाब आहे.

या इतिहासातला सर्वाधिक वादाचा निर्णय 1997 मधला आहे. त्या वर्षी ब्रिटनमध्ये चित्र, संगीत आणि नाट्य या तीन माध्यमांतून उपचार करणाऱ्यांना वैद्यकपूरक व्यवसायांच्या वैधानिक नोंदणीच्या कक्षेत आणले गेले. पुढे या व्यवसायांसाठी नवी नियामक परिषद आली, नाट्योपचारक हे नाव कायद्याने राखीव झाले आणि नोंदणी नसताना ते लावणे हा गुन्हा ठरला. नृत्य आणि हालचाल यांतून उपचार करणारे मात्र या नोंदणीबाहेर राहिले. सायकोड्रामा करणारेही बाहेरच राहिले आणि मानसोपचारकांच्या ऐच्छिक नोंदणीकडे वळले. एकाच घराण्यातल्या शाखांची अशी वाटणी पूर्णपणे तर्काला धरून झाली असे म्हणता येत नाही. ज्या शाखेची संघटना, अभ्यासक्रम आणि रुग्णालयातील पदे आधी तयार होती, तिला कायद्याचे दार आधी उघडले.

नोंदणीला आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे हलके नव्हते. नाटक ही मुळात समूहाची कला आहे, तिला निदान, उपचारयोजना आणि अहवाल यांच्या चौकटीत बसवले तर तिच्यातला खेळ संपेल. वस्तीत, तुरुंगात किंवा शाळेत वर्षानुवर्षे निष्ठेने काम करणारा रंगकर्मी एका रात्रीत अपात्र ठरेल. आणि पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च परवडणाऱ्यांचाच हा व्यवसाय होऊन बसेल, असे ते आक्षेप होते. यांतील शेवटचा आक्षेप आजही खोडून काढता येत नाही. तरीही नोंदणीच्या बाजूचा मुद्दा अधिक वजनदार वाटतो, कारण तो कलावंताच्या नव्हे तर सहभागी माणसाच्या दृष्टीने मांडलेला आहे. ज्याच्यासमोर कोणी आपला लपवलेला प्रसंग उभा करतो, त्याला प्रशिक्षण होते का, त्याच्या कामावर कोणाची देखरेख आहे का, आणि काही बिघडले तर तक्रार कोठे करायची, या तीन प्रश्नांना नोंदणीमुळे उत्तर मिळाले.

नोंदणीमुळे पुराव्याचा प्रश्नही टोकदार झाला. स्किझोफ्रेनियातील नाट्योपचाराविषयी 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात निकषांत बसणारे अवघे 5 अभ्यास आणि 210 सहभागी सापडले, आणि त्यांवरून उपयोग होतो असेही म्हणता आले नाही, होत नाही असेही. दोनच वर्षांनी ब्रिटनच्या अधिकृत उपचार-मार्गदर्शिकेने स्किझोफ्रेनियात, विशेषतः निरिच्छता आणि अलिप्तता यांसारख्या लक्षणांसाठी, कलाधारित उपचारांचा विचार करावा असे सुचवले. 2012 मध्ये चित्रोपचाराच्या 417 रुग्णांवरील मोठ्या चाचणीत लाभ आढळला नाही. ती चाचणी नाट्योपचाराची नव्हती. पण मार्गदर्शिकेत सगळ्या कलाधारित उपचारांचा विचार एकत्रच झालेला असल्याने तिची सावली नाट्योपचारावरही पडली.

भारतात हा सारा प्रश्न उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आला. महाराष्ट्रात मनोविकारशास्त्र आणि रंगभूमी यांची जवळीक जुनी आहे. मनोविकारतज्ज्ञ असलेले नट आणि नाटककार मराठी प्रेक्षकांना परिचित आहेत. 1986 मध्ये बर्लिनची ग्रिप्स ही बालनाट्य चळवळ पुण्यात रुजली तीही अशाच एका तज्ज्ञाच्या पुढाकाराने. त्या नाटकांत मोठी माणसे मुलांच्या भूमिका करतात आणि मुलांच्या खऱ्या अडचणी बोलतात. तो उपचार नव्हता आणि तसा दावाही नव्हता, परंतु मुलांच्या भावनांविषयी रंगमंचावरून सरळ बोलता येते हे त्याने दाखवून दिले.

कायद्याची बाजू मात्र अस्पष्ट राहिली. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आरोग्य व्यावसायिक कोण हे ठरवताना मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका, मनोरुग्णसेवेतील सामाजिक कार्यकर्ते आणि आयुषमधील विशिष्ट पदव्युत्तर पदवीधारक यांचा समावेश केला. कलाधारित उपचार करणाऱ्यांचा नाही. 2021 च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यातील अनुसूचीत हालचाल-उपचारकाच्या नोंदीत कला आणि नृत्य यांतून उपचार करणारे आले, नाट्याचे नाव मात्र आले नाही. ब्रिटनने नाट्य आत घेऊन नृत्य बाहेर ठेवले होते. येथे नेमके उलटे झाले. ‘कला’ या शब्दात नाट्य धरावे की अनुसूचीत त्याची स्वतंत्र नोंद मागावी, हे ठरवण्यासाठी नाट्योपचार करणाऱ्यांना आधी स्वतःच्या प्रशिक्षणाचे किमान निकष मांडावे लागतील. या कायद्याची अंमलबजावणीही रेंगाळली आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. नाट्योपचाराचे असे निकष ठरत नाहीत तोपर्यंत मुंबई-पुण्यात दोन दिवसांच्या शिबिरात रोल प्ले घेणारा आणि रुग्णालयात अनेक वर्षे देखरेखीखाली काम केलेला, असे दोघेही आपल्या फलकावर ड्रामा थेरपिस्ट हेच शब्द लिहू शकतात.