करवत चालते, म्हणून रान फुलते
ब्रिटनमध्ये गावाजवळच्या वनांत सर्वसामान्यांसाठी वन-कौशल्यांचे वर्ग भरतात. तिथे येणाऱ्याच्या हाती बहुधा रोप नव्हे, करवत दिली जाते. वन राखायला आलो आणि झाडे कापायची? नवख्याचा हा प्रश्न रास्तच आहे, आणि त्याचे उत्तर झाडाच्या शरीरशास्त्रात आहे.

हेझल हे तिथले झुडूपवजा झाड हिवाळ्यात, पानगळ झाल्यावर जमिनीलगत कापतात. काप थोडा उतरता घेतात, म्हणजे खुंटावर पाणी साचत नाही. तेव्हा झाडाची शिदोरी, म्हणजे साठवलेले पिष्ट, मुळांत शाबूत असते. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक एरवी खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडाच गेला की तो दाब उठतो आणि सालीखालचे सुप्त डोळे वसंतात फुटतात. एका खुंटातून सरळसोट धुमाऱ्यांचा झुपका उभा राहतो. साधारण ७ ते १० वर्षांनी त्यांच्या काठ्या कुंपणाला, वेलींच्या आधाराला कामी येतात आणि मग पुन्हा कापणी. इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या ब्रॅडफील्ड वुड्स या वनात १२५२ पासून असेच चालत आले आहे. वारंवार कापलेला खुंट न कापलेल्या झाडापेक्षा कितीतरी जास्त जगतो, हे मला या साऱ्यातले सर्वांत विलक्षण वाटते.

कापलेल्या तुकड्यात ऊन थेट जमिनीवर उतरते. पुढच्या एक-दोन वसंतांत प्रिमरोझ आणि व्हायोलेट ही रानफुले भरभरून येतात. पर्ल-बॉर्डर्ड फ्रिटिलरी या फुलपाखराच्या अळ्या व्हायोलेटची पाने खाऊनच वाढतात. विसाव्या शतकात हेझलच्या काठ्यांना गिऱ्हाईक उरले नाही, कापणी थांबली, वने आतून काळोखी झाली आणि हे फुलपाखरू बहुतेक ठिकाणांहून नाहीसे झाले. उलट डॉरमाउस या छोट्या प्राण्याला दाट झुडपे आणि हेझलची फळे लागतात. म्हणून सगळे वन एकदम कापत नाहीत. दरवर्षी एकेक तुकडा घेतात.

आता माणसाकडे वळू. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगत होते. हा केवळ सहसंबंध आहे; मुळात तब्येतीने बरे असलेलेच जास्त बाहेर पडत असतील, हीही शक्यता उरते. तरीही २०२१ पासून इंग्लंडमध्ये सात भागांत, मानसिक त्रास असलेल्यांना अशा निसर्गातल्या उपक्रमांशी जोडून देण्याचा सरकारी प्रयोग सुरू झाला, आणि तो मला योग्य वाटतो.

कारण इथे माणूस नुसता झाडांखाली बसत नाही. हेझलची ओली काठी उभी फाळताना पाहा. चीर सरळ जात नाही, बारीक बाजूकडे पळू लागते. मग जाड बाजूवर जोर देऊन ती वाकवायची, की चीर हळूहळू मध्यावर परत येते. ओले लाकूड मऊ असते, पाते सहज चालते; पण तंतूंच्या उलट गेले की ते आत घुसते आणि ढलपी निघते. लक्ष पुन्हा पुन्हा हाताच्या टोकाशी यावेच लागते. डोक्यातल्या काळज्यांना तेवढा वेळ जागा मिळत नाही. शेजारी कुणीतरी तेच काम करत असते, त्यामुळे बोलायला निमित्त मिळते आणि गप्प राहिले तरी अवघडल्यासारखे होत नाही.

खरी अडचण निधीची आहे. बऱ्याच उपक्रमांना पैसा वर्ष-दोन वर्षांपुरताच मिळतो, आणि कोवळे धुमारे हे हरणांचे आवडते खाद्य. कापणीनंतर फांद्यांचे कुंपण घालायला आणि ते दुरुस्त करत राहायला माणसे नसतील, तर हरणे फुटवे खुडत राहतात आणि शेवटी खुंट मरतो. त्यामुळे मदत द्यायचीच असेल तर ती निदान हेझलच्या एका फेरीइतकी, म्हणजे ७ ते १० वर्षांची, असायला हवी.