टर्बो सी की जीसीसी? घोळ खरा इन्टचा आहे

घरच्या कॉम्प्युटरवर सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला कोणता कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला चालवता येईल असा करून देणारं सॉफ्टवेअर) घ्यावा, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: "टर्बो सी टाक, फुकट आहे, कॉलेजातही तोच आहे." मग दर सेमिस्टरला तीच तक्रार येते: "टर्बोवर नीट चालणारा प्रोग्रॅम जीसीसीवर बिघडतो." बिघडत काही नाही; दोन्हीकडे इन्टचा, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या प्रकाराचा, आकार वेगळा असतो.

टर्बोची निळी स्क्रीन तुम्हाला पाठ आहे, ती सोडू. बोरलँड कंपनीचा टर्बो सी आणि रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी हे दोन्ही कंपायलर १९८७ चे. जीसीसीवर आजही काम चालू आहे, टर्बो केव्हाच थांबला, एवढंच. आणि फुकटचं म्हणाल, तर बोरलँडने पुढे मोफत दिले ते टर्बो सी २.०१ आणि टर्बो सी++ १.०१. पेनड्राइव्हवरून हातोहात फिरतं ते ३.०, जे त्यांत नाही. जीसीसी मोफत आहे आणि मित्राला कॉपी करून द्यायलाही पूर्ण मुभा आहे.

टर्बोचा प्रोग्रॅम जीसीसीवर न्यायला कोनिओ डॉट एच, क्लिअर स्क्रीन, गेटसीएच या स्क्रीन-कीबोर्डच्या ओळी काढून टाका, व्हॉइड मेनचं इन्ट मेन करा. झालं. यावर लोक पानंच्या पानं का लिहितात कळत नाही. कोनिओ सापडत नसेल तर कंपायलर स्वतःच ओरडतो, म्हणजे एरर देतो.

अडतं ते कंपायलर ओरडत नाही तिथे. टर्बो सी १६ बिटांच्या डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी बनलेला, म्हणून त्यात इन्ट २ बाइटचा: -३२७६८ ते ३२७६७. आजच्या पीसीवर जीसीसीचा इन्ट ४ बाइटचा, म्हणजे सुमारे २१४ कोटींपर्यंत. फॅक्टोरियलचा (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचा) जर्नलमधला प्रोग्रॅम घ्या. ७ चं उत्तर दोन्हीकडे ५०४०. ८ दिलात की जीसीसी ४०३२० देतो आणि टर्बो देतो -२५२१६. ना एरर, ना वॉर्निंग. आणि जीसीसीवाल्यांनीही हसू नये: १३ चं फॅक्टोरियल ६२२ कोटींच्या वर जातं, ते त्याच्याही इन्टमध्ये मावत नाही.

तोंडी परीक्षेत "इन्ट किती बाइटचा?" या प्रश्नाला "दोन" हेच उत्तर घोकून घेतात, त्याचा मला मनापासून राग आहे. सीचं स्टँडर्ड एवढंच म्हणतं की इन्ट किमान १६ बिटांचा हवा. पुढचं कंपायलर आणि मशीन ठरवतात. बरोबर उत्तर: "सायझऑफला विचारा." कोणता प्रकार किती बाइटचा, ते सीमध्ये तोच सांगतो.

याचा सगळ्यात वाईट फटका फाइलींना बसतो. रोल नंबर इन्ट, नाव २० कॅरॅक्टर, टक्के फ्लोट (दशांश आकडा), असं स्ट्रक्चर, म्हणजे एका विद्यार्थ्याची एकत्र बांधलेली माहिती, टर्बोमध्ये २६ बाइटचं होतं, जीसीसीत २८ चं. टर्बोमधून एफराइट या फंक्शनने लिहिलेली विद्यार्थ्यांची फाइल जीसीसीने वाचली की पहिल्याच नावाची पहिली दोन अक्षरं रोल नंबरात जातात. पुढे नुसता कचरा. लोक फाइल खराब झाली म्हणतात. फाइल धडधाकट असते. म्हणून फाइलीत जाणाऱ्या आकड्यांना साधा इन्ट वापरू नका. एसटीडीइन्ट डॉट एचमधले १६ किंवा ३२ बिटांचे ठरावीक प्रकार घ्या. ते सी९९ मध्ये, म्हणजे सीच्या १९९९ च्या स्टँडर्डमध्ये आले, त्यामुळे टर्बोत ते नाहीत.

जीसीसी घ्यायला लिनक्सवर, म्हणजे उबंटूवर, बिल्ड-इसेन्शियल पॅकेज टाका. विंडोजवर कोड-ब्लॉक्स घ्या, पण नावात मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीचा जीसीसी) असलेला सेटअप; दुसऱ्यात एडिटर येतो, कंपायलर येत नाही. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, त्यामुळे "विंडोज १० साठी टर्बो" म्हणून जे मिळतं त्याच्या पोटात डॉसबॉक्स, म्हणजे डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम असतो. कॉलेजची प्रॅक्टिकल टर्बोवरच असेल तर परीक्षेपुरता तो डॉसबॉक्समध्ये असू द्या.