लाकडाचं वय वेगळं, घराचं वेगळं
(जुने खांब, दरवाजे किंवा आख्खा लाकडी सांगाडा घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे तपासायला येणारा जवळजवळ प्रत्येक खांब ‘पेशवेकालीन’ असतो. खुद्द शनिवारवाड्यातला म्हणून सांगितलेलाही येतो. तो वाडा १८२८ च्या आगीत जळाला, हे सांगताना आम्हालाच जिवावर येतं.

आम्ही तीन प्रश्न वेगळे ठेवतो. झाड कधी तोडलं? घर कधी उभं राहिलं? त्या घरात अमुक माणूस राहत होता का? पहिल्याचं उत्तर तिसऱ्याला चिकटवलं की फसवणूक होते, कधीकधी विकणाऱ्याचीसुद्धा.

अमेरिकेत केंटकी राज्यात हॉजनव्हिलजवळ एका देवळासारख्या दगडी स्मारकात ओंडक्यांची खोली जपली आहे. अब्राहम लिंकन यांचं जन्मघर म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या दाखवली गेली. त्यांचा जन्म १८०९ चा. १८९० च्या दशकात त्या शेताच्या नव्या मालकाने जवळच्या एका घराचे ओंडके आणून तिथे खोली उभारली. मग ती उतरवून १८९७ मध्ये नॅशव्हिलच्या प्रदर्शनात नेली. दुसऱ्या एका ‘ऐतिहासिक’ घराचे ओंडकेही सोबत होते, ते पुढे यात मिसळले. १९११ मध्ये स्मारक खुलं झालं तेव्हा आत मावावी म्हणून खोलीच आखूड केलेली होती! २००४ मध्ये ओंडक्यांच्या आतली, वर्षागणिक पडणारी वर्तुळं तपासली, तर सगळ्यात जुना निघाला १८४८ चा. तेव्हा लिंकन ३९ वर्षांचे खासदार होते. आता तिथे ‘प्रतीकात्मक’ जन्मघर असं सांगतात. लाकूड जुनंच होतं, फक्त त्या घराचं नव्हतं.

वाडे पाडले जातात, लाकूड ट्रकवर चढतं, तेव्हा आपल्याकडेही हेच होतं.

सागाला दरवर्षी एक वर्तुळ पडतं, म्हणून वर्तुळांचा रुंद-अरुंद क्रम साल माहीत असलेल्या सागाशी जुळवून त्याचं वय काढता येतं. पुण्यातल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वर्तुळांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झाला आहे. अडचण सुताराची आहे. गाभ्याबाहेरचं पांढुरकं लाकूड त्याने तासून टाकलेलं असतं आणि शेवटची वर्तुळं त्याच्यासोबत गेलेली असतात. अशा वेळी ‘अमुक सालानंतर तोडलेलं’ एवढंच म्हणता येतं. लाकूड ब्रह्मदेशातून आलेलं असेल, तर इथल्या सागाशी वर्तुळं जुळवण्यात अर्थ नाही. ‘कार्बन चाचणी करून द्या’ असा आग्रह बरेच जण धरतात. साधारण १६५० नंतरच्या लाकडाला ती अनेक संभाव्य काळ दाखवते, त्यातून पेशवाई की इंग्रजी अमदानी हे बहुधा ठरत नाही. पैसे वाचवा.

त्यापेक्षा बॅटरी घ्या आणि उजेड आडवा पाडून खांबाची मागची, भिंतीत गेलेली बाजू बघा. एक वर, एक खाली उभं राहून हाताने ओढलेल्या करवतीचे ओरखडे सरळ पण कमीजास्त अंतराचे असतात. वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, घाव उथळ, वाटीसारखे. कमानीसारखे वळलेले ओरखडे दिसले, तर लाकूड गोल पात्याच्या यंत्रावर कापलेलं आहे, समोरची महिरप कितीही देखणी असो. लोहाराने ठोकलेला चौकोनी खिळा चांगली खूण आहे, पण खिळे सुटेही मिळतात. भोकाभोवतीचं लाकूड गंजाने काळं पडलंय का, ते पाहा. रिकाम्या खाचा दिसल्या, तर ती तुळई आधी दुसरीकडे होती. तो दोष नाही, पण आम्ही ते अहवालात लिहितो.

घराच्या वयासाठी सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीच्या नोंदी, मोडी कागद, जे असेल ते आणा. कोण राहत होतं याचा दाखला आम्ही देत नाही, कितीही ओळखीचा ग्राहक असला तरी.

आणि एक विनंती. आम्ही येईपर्यंत पॉलिश काढू नका, घासू नका. वाडा उतरवायचा असेल तर आधी जागेवर फोटो काढा, तुळयांना खडूने क्रमांक घाला आणि निघालेले खिळे डब्यात ठेवा.