जिथे बर्फ आधी वितळतो: सोरी सान लोरेन्झो आणि गाया घराणं

इटलीच्या वायव्येला, पिएमॉन्ते प्रांतात, आल्बा शहराभोवतीच्या टेकड्यांना लांगे म्हणतात. तिथल्या बोलीत ‘सोरी’ म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून असलेला, दिवसभर ऊन खाणारा उतार. हिवाळा सरताना बर्फ जिथे सगळ्यात आधी वितळतो तिथे नेब्बियोलो या काळ्या द्राक्षाचा वेल लावायचा, ही इथल्या शेतकऱ्यांची जुनी पारख. त्यामागचं कारणही साधं आहे. नेब्बियोलो फुटतो लवकर आणि पिकतो फार उशिरा. ऑक्टोबरच्या मध्याला दरीत धुकं भरलेलं असतं, तरी त्याची तोडणी झालेली नसते. उन्हाचा एकेक तास मोजून घेणाऱ्या या जातीला सावलीचा उतार दिला, तर मण्यांत साखर भरत नाही, आंबटपणा उतरत नाही आणि तुरटपणा कच्चाच राहतो.

असाच एक उतार बार्बारेस्को गावाजवळ आहे, तानारो नदीच्या बाजूला. तो आल्ब्याच्या चर्चच्या मालकीचा होता. संत लोरेन्झो हे तिथल्या कॅथेड्रलचे आश्रयदाते, त्यावरून हे नाव पडलं. 1964 मध्ये जोव्हान्नी गाया यांनी तो विकत घेतला आणि 1967 च्या हंगामापासून त्याची वाइन वेगळी भरली जाऊ लागली: सोरी सान लोरेन्झो.

गाया कुटुंबाचा व्यवसाय मात्र 1859 चा. पहिले जोव्हान्नी गाया गावात खाणावळ चालवत आणि घरची वाइन तिथेच विकत. घराण्याला वळण लावलं ते सुनेनं, असं म्हणणं वावगं ठरणार नाही. क्लोतिल्द रे 1905 मध्ये लग्न होऊन या घरात आल्या. माल कमी निघाला तरी चालेल, पण दर्जात तडजोड नाही आणि दरही त्याच तोलाचा घ्यायचा, हा त्यांचा आग्रह मुलाच्या आणि पुढे नातवाच्या हाडीमाशी खिळला. त्यांना लाडाने ‘तिल्दिन’ म्हणत. 1970 पासून वेगळी भरली जाणारी ‘सोरी तिल्दिन’ त्यांच्याच नावाची. त्यांच्या मुलानं, म्हणजे सान लोरेन्झो विकत घेणाऱ्या दुसऱ्या जोव्हान्नींनी, 1937 मध्ये लेबलवर ‘गाया’ हे आडनाव मोठ्या अक्षरांत छापलं. गावापेक्षा आडनाव ठळक, हे त्या काळी धाडसच होतं.

एका शेताची वाइन वेगळी भरण्यात एवढं काय विशेष, हे समजायला आधीची रीत पाहावी लागते. शेतकरी द्राक्षं बाजारात न्यायचा, व्यापारी चार टेकड्यांचा माल एकत्र करायचा. मिश्रणात शहाणपण होतंच. उन्हाच्या उतारावरून साखर यायची, थंड उतारावरून आंबटपणा, आणि एका शेताला गारपिटीनं झोडपलं तरी बाकीची शेतं सांभाळून घ्यायची. एकाच उताराची वाइन भरायची ठरवली की ही पांघरूणं जातात. वर्ष वाईट गेलं तर भरायचं काहीच उरत नाही. बार्बारेस्को हे गावाचं नाव तसंच नियमांनी बांधलेलं वाइनचं नावही आहे. 1972 चा हंगाम इतका पावसाळी होता की ते नाव लावण्याजोगा मालच निघाला नाही.

व्यापाऱ्याच्या दराला कंटाळून इथे सहकाराचे प्रयत्नही झाले. आल्ब्याच्या वाइन-शाळेचे प्रमुख दोमित्सियो काव्हात्सा यांनी 1894 मध्ये पहिली सहकारी वाइनरी काढली, ती पुढे बंद पडली. 1958 मध्ये गावचे पाद्री दोन फिओरिनो मारेन्गो यांनी 19 शेतकऱ्यांना घेऊन ती पुन्हा उभी केली. या सहकारी संस्थेनंही 1967 पासूनच एकेका शेताच्या बाटल्या वेगळ्या काढायला सुरुवात केली. त्यामुळे ही कल्पना एकट्या गायांची म्हणता येत नाही. त्यांचं वेगळेपण पुढच्या कामात आहे.

दुसऱ्या जोव्हान्नींचे मुलगे आंजेलो गाया, जन्म 1940 चा, 1961 मध्ये धंद्यात आले आणि आधी छाटणीला लागले. नेब्बियोलोच्या काडीवर बुडाकडचे पहिले दोन-तीन डोळे, म्हणजे फुटव्याचे कोंब, बहुधा वांझ असतात, त्यातून घड येत नाही. म्हणून काडी लांब ठेवावी लागते. नाशिक-सांगलीचा बागायतदार काडी तपासून सूक्ष्मघड, म्हणजे डोळ्यात दडलेला इवलासा घड, कितव्या डोळ्यावर आहे ते बघतो आणि मगच कात्री लावतो. त्याला ही अडचण लगेच कळेल. पण काडी लांब ठेवली की डोळे जास्त राहतात, घड जास्त लागतात आणि वेलाची ताकद वाटली जाते. आंजेलोंनी वेलावरचे डोळे खूपच कमी केले. उत्पन्न घटलं आणि जुन्या गड्यांना ते पटलं नाही, कारण पिकतं पीक कापून टाकणं शेतकऱ्याच्या जिवावर येतंच. नियमानं आज बार्बारेस्कोला हेक्टरी 8 टन द्राक्षांची मर्यादा आहे. चांगला उतार सांभाळणारा त्याच्याही खाली राहतो.

तळघरातली दुखणी वेगळी होती. तोडणी उशिरा, तळघर थंड, त्यामुळे किण्वन मध्येच अडायचं. मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्लात रूपांतर, ज्यानं वाइनचा बोचरा आंबटपणा मऊ होतो, ते वसंतापर्यंत लांबायचं. तोवर वाइनला संरक्षण नाही, म्हणून व्हिनेगरचा वास धरण्याचा धोका. शिवाय सालं रसात दीड-दोन महिने भिजवायची आणि मग वाइन मोठ्या जुन्या पिंपांत वर्षानुवर्षं ठेवायची पद्धत होती. तुरटपणा मऊ होईपर्यंत फळाचा वास उडून जायचा. 1970 मध्ये आलेल्या गुइदो रिवेल्ला या वाइनतज्ज्ञांसोबत आंजेलोंनी तापमानावर ताबा आणला आणि सालं भिजवण्याचा काळ कमी करत तीन आठवड्यांच्या आसपास आणला. ओकची 225 लिटरची लहान पिंपंही आणली.

या पिंपांवरून खूप वाद झाला. नेब्बियोलोत तुरटपणा भरपूर, पण रंग कमी आणि तोही पटकन विटकरी होणारा. लहान पिंपातून हळूहळू मिळणारा ऑक्सिजन रंग आणि तुरटपणा एकमेकांना बांधतो, हा फायदा. तोटा असा की नवं लाकूड वाइनवर कुरघोडी करतं आणि ओलं, कच्चं लाकूड कडवटपणा सोडतं. म्हणून गायांकडे फळ्या तीन वर्षं उघड्यावर ऊन-पाऊस खात ठेवतात. पावसानं त्यातला कडवटपणा धुऊन निघतो. पुढे लहान पिंपात साधारण वर्षभर आणि मोठ्या पिंपात वर्षभर, असा मेळ बसला. माझ्या मते हा मेळच महत्त्वाचा. नुसत्या नव्या लाकडात ठेवलेली वाइन कुठल्याही टेकडीची वाटते.

1978 मध्ये आंजेलोंनी नेब्बियोलोच्या चांगल्या जागेत काबेर्ने सोव्हिन्यों ही फ्रेंच द्राक्षाची जात लावली. वडील तिथून जाताना म्हणत, ‘दार्माजी’, म्हणजे ‘काय हे वाईट झालं’. त्या वाइनचं नाव तेच पडलं.

सगळ्यात मोठा निर्णय 1996 च्या हंगामाचा. बार्बारेस्को म्हणायचं तर शंभर टक्के नेब्बियोलो हवी. आंजेलोंनी सान लोरेन्झो, तिल्दिन आणि त्यांच्याच तिसऱ्या उताराची कोस्ता रुस्सी या तिन्ही वाइन्सवरून बार्बारेस्को हे नाव काढलं आणि ‘लांगे नेब्बियोलो’ या खालच्या दर्जाच्या नावाखाली विकल्या. त्या नावात 15 टक्क्यांपर्यंत दुसरी द्राक्षं चालतात, म्हणून आंबटपणासाठी बार्बेरा या दुसऱ्या स्थानिक द्राक्षाची थोडी वाइन मिसळता आली. गावात अनेकांना हे लागलं. बार्बारेस्को नावानं भरलेली मिश्र शेतांची वाइन मात्र शंभर टक्के नेब्बियोलोचीच राहिली. आंजेलोंची मुलं, म्हणजे गाया (हे मुलीचं पहिलं नाव), रोस्साना आणि जोव्हान्नी, कामात आल्यावर 2013 च्या हंगामापासून तिन्ही वाइन्स पुन्हा बार्बारेस्को झाल्या आणि बार्बेरा गेली. मला हा निर्णय योग्य वाटतो. उताराचं नाव लावायचं तर त्यावरच्या मुख्य जातीला आधाराची गरज पडू नये.

आता उन्हाळे कडक झाले आहेत. पूर्वी घडांना ऊन मिळावं म्हणून पानं काढत, आता दुपारच्या उन्हात मणी भाजू नयेत म्हणून ती ठेवतात. ओळींमध्ये गवत वाढवून माती झाकतात आणि तोडणी पूर्वीपेक्षा लवकर येते. बर्फ आधी वितळणाऱ्या उतारावरच आज सावली राखण्याचं काम सगळ्यात जास्त आहे.