‘विंग’ म्हणजे नेमका कोण? अमेरिकी शालेय बास्केटबॉलमधल्या पारखीची पार्श्वभूमी

आपल्याकडे विंग म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात: नाटकाची, नाहीतर सोसायटीची. अमेरिकेत शाळेत बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांची कॉलेज प्रशिक्षकांसाठी जी टिपणं लिहिली जातात, त्यांत मात्र सध्या जो तो विंगच असतो. ‘साडेसहा फुटी विंग, हात लांब, अंग अजून भरायचंय’ एवढ्यावर कित्येक टिपणं सुरू होतात. या शब्दाचा माग काढला की ही पारख कुठून कुठे आली तेही बऱ्यापैकी कळतं. (इथे मुलांच्या खेळाबद्दलच लिहितो आहे, मुलींच्या खेळाचा प्रवास वेगळा आहे.)

शब्द जवळजवळ खेळाइतकाच जुना. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पहिला सामना झाला तेव्हा एका बाजूला नऊ जण होते. १८९२ च्या नियमपुस्तिकेत या नऊ जणांच्या जागा सांगितल्या आहेत आणि त्यांत दोन ‘विंग’ आहेत. जाळीच्या काठीने खेळायच्या लॅक्रॉसशी नातं सांगणारी ही नावं. १८९७ च्या सुमारास संघ पाच जणांचा ठरला, गार्ड (बाहेरून चेंडू खेळवणारे), फॉरवर्ड (बास्केटच्या जवळ खेळणारे) आणि सेंटर (बास्केटखालचा उंच खेळाडू) एवढेच उरले, आणि विंग कागदावरून गेला. कोर्टवर मात्र विंग राहिली, पण जागा म्हणून. फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतरच्या मोकळ्या फेकीची, रेषा दोन्ही बाजूंना साइडलाइनपर्यंत ताणली तर जो पट्टा मिळतो, ती विंग. मराठीत निदान ‘ती विंग’ म्हणजे जागा आणि ‘तो विंग’ म्हणजे खेळाडू असा फरक लिंगावरून करता येतो. इंग्रजीत तीही सोय नाही, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

साठच्या दशकात व्यावसायिक लीगमध्ये (एनबीएत) गार्ड आणि फॉरवर्ड अशा दोन्ही जागी खेळणाऱ्याला ‘स्विंगमन’ म्हणू लागले. ते कौतुक होतं. शाळेतल्या त्याच अंगकाठीच्या मुलाच्या कपाळी मात्र दुसराच शिक्का बसायचा: ‘ट्वीनर’. ना धड गार्ड, ना धड फॉरवर्ड. सहा फूट पाच इंचांचा मुलगा आपल्या शाळेत सगळ्यांत उंच, म्हणून प्रशिक्षकाने त्याला बास्केटखाली उभं केलेलं. चार वर्षं तो तिथेच पाठ वळवून खेळायला शिकलेला. कॉलेजात समोर सहा फूट नऊ इंचांचे आले की आत त्याचं काही चालायचं नाही, आणि बाहेर येऊन चेंडू हाताळायला त्याला कुणी शिकवलेलंच नसायचं. ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत अशा मुलाच्या टिपणात ‘ट्वीनर’ लिहिलं की मोठ्या कॉलेजचं पत्र येण्याची शक्यता तिथेच आटायची.

पुढे तीच अंगकाठी गुण ठरली. मुलं बदलली नव्हती, खेळ बदलला होता. व्यावसायिक लीगने २००१-०२ च्या हंगामात झोन बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, परवानगी दिली. २००४-०५ पासून चेंडू खेळवणाऱ्याला हाताने अडवण्यावर कडक शिट्ट्या वाजू लागल्या, आणि कॉलेजच्या खेळात तोच कडकपणा २०१३-१४ मध्ये आला. बाहेरून येणारा गार्ड मोकळा सुटू लागला, तसे बचाव करणारे आपापले प्रतिस्पर्धी आपसात बदलू लागले. म्हणजे ‘स्विच’. त्यासाठी चेंडू समोरच्या संघाकडे असताना एका खेपेला गार्डसमोर आणि पुढच्या खेपेला फॉरवर्डसमोर टिकेल असा माणूस लागतो. कालचा ट्वीनर नेमका तोच होता. २०१३ च्या ऑल-स्टार सामन्याच्या (निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्याच्या) मतपत्रिकेवरून व्यावसायिक लीगने सेंटर हा रकाना काढला, आणि २०२३-२४ पासून वर्षातल्या सर्वोत्तम संघांची निवडही जागा न बघता होऊ लागली. शालेय टिपणं लिहिणाऱ्यांनी हा वारा लवकर ओळखला. ‘ट्वीनर’ हा शब्द हळूहळू मागे पडला आणि ‘विंग’ सगळीकडे आला.

माझ्या मते जरा जास्तच आला. आता सहा फूट तीन इंचांचा नेमबाजही विंग आणि सहा फूट नऊ इंचांचा हडकुळा फॉरवर्डही विंग. एकेकाळी एकदिवसीय क्रिकेटमध्ये सहा षटकं टाकणाऱ्या कुठल्याही फलंदाजाला आपण अष्टपैलू म्हणून मोकळे व्हायचो, तसंच हे. जुना शिक्का अन्यायाचा होता, पण त्यातून निदान काहीतरी कळायचं. विंग म्हटल्यावर मुलगा कोणासमोर बचाव करू शकतो, चेंडू हातात नसताना काय करतो, पास आल्या आल्या मारतो की आधी दोनदा आपटतो, यातलं काहीच कळत नाही. जाणती माणसं म्हणून जागेचं नाव एका शब्दात उरकतात आणि बाकीची जागा याच प्रश्नांना देतात. उंचीचंही तेच. शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेल्या उंचीत बूट असतात आणि थोडी माया असते. व्यावसायिक संघांनासुद्धा बुटांशिवायची खरी उंची कळवण्याची सक्ती २०१९ मध्ये करावी लागली. त्यामुळे विंगच्या बाबतीत पसरलेल्या हातांचं माप उंचीपेक्षा भरवशाचं मानतात.

या टिपणांचा उगम बराच साधा. एकेकाळी प्रशिक्षकाच्या ओळखीतल्या कुणीतरी सांगावं, ‘अमुक गावात एक पोरगा आहे’, आणि त्याने गाडी काढावी, असा मामला होता. साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एका माणसाने शालेय खेळाडूंची माहिती छापून कॉलेजांना वर्गणीवर पाठवायला सुरुवात केली आणि १९६६ मध्ये भागीदाराबरोबर उन्हाळी शिबिरही काढलं. त्याचा पुढचा वारस न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात राहायचा. गाडी चालवायचा नाही, संगणक बाळगायचा नाही. चाळीसेक वर्षं तो बस-रेल्वेने शाळांचे सामने बघत हिंडला, टाइपरायटरवर टिपणं केली आणि टपालाने धाडली. हे २०२० पर्यंत चालू होतं! स्थळाच्या पत्रिकेसारखी ती पानं प्रशिक्षकांच्या टेबलांवर फिरायची.

१९८० च्या उन्हाळ्यात पिट्सबर्गजवळ भरलेल्या याच शिबिरात उत्तर कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनचा एक सडपातळ मुलगा आला. त्या वर्षी एका नावाजलेल्या मासिकाने हंगामाआधी शालेय खेळाडूंची यादी काढली होती, तीत त्याचं नाव नव्हतं. आठवडाभरात त्याचं नाव सगळीकडे झालं. १९८२ मध्ये न्यू ऑर्लीन्सला कॉलेजांच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्याने कॉलेजच्या पहिल्याच वर्षी डाव्या विंगेवरून विजयी बास्केट मारली. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायची मुभा १९७२-७३ पासूनची. दहा वर्षं आधी जन्मता तर ती बास्केट त्याला गॅलरीतून बघावी लागली असती.

नंतर बूट कंपन्या आल्या. १९८४ पासून त्यांची शिबिरं, मग क्लबांच्या स्पर्धा, २०१० मध्ये त्यातल्या एका कंपनीची स्वतंत्र लीग. जुलैमध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या नॉर्थ ऑगस्टाला तिची अखेरची फेरी होते, तेव्हा देशभरातले प्रशिक्षक एकाच छताखाली खुर्च्या लावून बसलेले असतात. नव्वदच्या दशकाअखेर इंटरनेटवर ताऱ्यांची पद्धत आली आणि पाच ताऱ्यांचा मुलगा ही बातमी झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये लाचखोरीच्या आरोपाखाली चार सहायक प्रशिक्षकांसह दहा जणांना अटक झाली, तेव्हा ज्यांनी धक्का बसल्याचं दाखवलं त्यांचा अभिनय चांगला होता.

विंगच्या पारखीत सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे नेम. तीन गुणांची रेषा (जिच्यामागून मारलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात) कॉलेजात १९८६-८७ मध्ये आली आणि शाळांत त्यानंतरच्या हंगामात, दोन्हीकडे १९ फूट ९ इंचांवर. कॉलेजची रेषा २००८-०९ मध्ये एक फूट मागे गेली. २०१९-२० मध्ये ती आणखी मागे, २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली. शाळेची अजून आहे तिथेच आहे. म्हणजे शाळेतला आकडा कितीही देखणा असला तरी तो जवळपास अडीच फूट जवळून काढलेला असतो. शिवाय शाळेचा सामना ३२ मिनिटांचा, कॉलेजचा ४०. कॉलेजात ३० सेकंदांत चेंडू मारावा लागतो. शाळांसाठी ३५ सेकंदांचं घड्याळ २०२२-२३ पासून राज्यांच्या मर्जीवर सोडलं आहे, म्हणून कित्येक मुलं कॉलेजात आल्यावरच घड्याळाशी पहिल्यांदा भांडतात. यासाठी मुरलेले पारखी शाळेतल्या तीन गुणांच्या टक्केवारीबरोबर फ्री थ्रोची टक्केवारीही बघतात. ती रेषा १५ फुटांवर सगळीकडे सारखीच असते, आणि हाताचा हलकेपणा तिथे लपत नाही.

२००५ च्या करारात व्यावसायिक लीगने वयाची अट घातली: किमान १९ वर्षं आणि शाळा सुटून एक वर्ष. २००६ पासून अव्वल विंग एका वर्षासाठी कॉलेजात येऊ लागले. त्यावर खूप शाई आणि खूप घसा खर्च झाला, पण ती गोष्ट मूठभर मुलांची होती. बाकीच्यांचं गणित ज्याने बदललं तो निर्णय २०२१ च्या वसंतातला.

त्याआधी एका कॉलेजातून दुसऱ्यात गेलेल्या खेळाडूला साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये बदलीसाठी नावं नोंदवायचं ऑनलाइन पोर्टल सुरू झालं. एप्रिल २०२१ मध्ये एकदा न बसता बदलायची परवानगी मिळाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये ‘एकदा’ हा शब्दही गेला. मध्ये १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून पैसे कमवायची मोकळीक मिळाली. खेळाडूला हक्क मिळाला हे बरंच झालं. प्रशिक्षक तर आधीही रातोरात करार मोडून दुसरीकडे जातच होते. पण हा हक्क ज्यांना मिळाला ते आधीच कॉलेजच्या आत होते. त्याची किंमत अठरा वर्षांच्या, अजून दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाने मोजली, आणि हे बोललं जायला हवं तितकं बोललं गेलं नाही.

त्यात महामारी. मार्च २०२० मध्ये प्रशिक्षकांना शाळकरी खेळाडूंना प्रत्यक्ष भेटायला किंवा बघायला बंदी झाली, ती मे २०२१ अखेरपर्यंत टिकली. दोन वर्गांतली मुलं नुसत्या व्हिडिओवर जोखली गेली. २०२०-२१ चा हंगाम खेळलेल्या प्रत्येकाला पात्रतेचं एक जादा वर्षही मिळालं, म्हणजे जागा अडल्या. संघात तेव्हा १३ शिष्यवृत्त्या, त्यातल्या काही २३ वर्षांच्या दाढीवाल्यांकडे. अशा वेळी ‘दोन वर्षांत तयार होईल’ हे टिपणातलं जुनं आवडतं वाक्य वाचून प्रशिक्षक काय करणार? तो पोर्टल उघडतो. तिथे दुसऱ्या कुणीतरी दोन वर्षं खर्चून तयार केलेला विंग असतो, कॉलेजच्या रेषेवरून मारलेल्या दोनशे चेंडूंच्या हिशेबासकट.

याचा सगळ्यांत मोठा फटका विंगला बसला असं मला वाटतं. सात फुटी मुलाला उंचीसाठी आजही कुणीतरी घेतं. गार्ड शाळेतही गार्डच खेळतो, त्यामुळे तो निदान दिसतो तरी. विंग मात्र उशिरा घडणारा प्राणी आहे. सोळाव्या वर्षी उंची वाढते, मग चेंडूवरचा ताबा काही काळ जातो आणि अंग शेवटी भरतं. त्याच्यासाठी वाट बघणारं कुणीतरी लागायचं. आता काही घरं मुलाला एका इयत्तेत पुन्हा बसवून ते वर्ष स्वतःच विकत घेतात, म्हणून अलीकडच्या टिपणांत इयत्तेशेजारी जन्मतारीखही दिसू लागली आहे.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी सगळे खेळ मिळून प्रत्येक कॉलेजला मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची. ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांच्या बास्केटबॉल संघात आता जास्तीत जास्त १५ जण असू शकतात. १९६४ पासून शाळकरी खेळाडू ज्या इरादापत्रावर सही करून कॉलेजला शब्द द्यायचे, ते पत्र ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झालं. नोव्हेंबरात शाळेच्या जिममध्ये टेबल मांडलं जातं, आईवडील दोन्ही बाजूंना बसतात, कॉलेजची टोपी घातली जाते. सही आता आर्थिक मदतीच्या कराराच्या कागदावर होते.