दहा-नव्वद तफावत

दहा-नव्वद तफावत : जगात आरोग्य संशोधनावर होणाऱ्या खर्चातला जेमतेम १० टक्के पैसा ९० टक्के रोगभाराच्या वाट्याला येतो, या निरीक्षणाचे रूढ नाव. आकडे मात्र शब्दशः घेऊ नयेत. १९९० मध्ये एका आंतरराष्ट्रीय आयोगाने १९८६ सालचा हिशेब मांडला, तेव्हा सुमारे ३० अब्ज डॉलरपैकी १.६ अब्ज, म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपास रक्कम विकसनशील देशांच्या आजारांवर खर्च झालेली दिसली. टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा ९३ टक्के भार तिथेच होता. ‘दहा-नव्वद’ हे सुटसुटीत रूप पुढे जिनिव्हातल्या ग्लोबल फोरम फॉर हेल्थ रिसर्च या संस्थेने (स्थापना १९९८) रुळवले.

पडताळणीची रीत वरकरणी सोपी आहे : एका रकान्यात रोगाचा भार, शेजारी त्यावरचा खर्च. भार ‘डॅली’त मोजतात, त्यात अकाली मृत्यूने गेलेली आणि आजारपणाने अधू झालेली वर्षे एकत्र धरतात. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालाने हे माप प्रचारात आणले. खर्चाचा रकाना भरणे अधिक जिकिरीचे. पेशींवरचे मूलभूत संशोधन कोणत्या रोगाच्या नावे टाकायचे? कंपन्यांचे हिशेब तर बहुतांशी बंदच. दुर्लक्षित रोगांपुरती ‘जी-फाइंडर’ ही पाहणी २००७ सालच्या खर्चापासून आकडे गोळा करते; तिच्यात एचआयव्ही, क्षय आणि मलेरिया मिळून निधीचा मोठा वाटा घेतात, म्हणजे दुर्लक्षितांमध्येही थोरले-धाकटे आहेतच. औषधे मोजली तर चित्र अधिक स्वच्छ दिसते. १९७५ ते १९९९ दरम्यान बाजारात आलेल्या १,३९३ नव्या औषधांपैकी उष्णकटिबंधीय रोग आणि क्षय यांसाठी फक्त १६ होती.

खरी मेख पहिल्या रकान्यातच आहे. भारतात सर्पदंशाचे बरेच बळी रुग्णालयात पोहोचण्याआधीच दगावतात, त्यामुळे ते रुग्णालयाच्या नोंदीत येत नाहीत. घरोघरी जाऊन नातेवाइकांकडून मृत्यूची हकिगत विचारणाऱ्या पाहणीने २००५ साली सर्पदंशाने एकूण सुमारे ४६ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज काढला; रुग्णालयांच्या आकड्याच्या तो तीसपटींहून अधिक होता. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले ते २०१७ मध्ये. भार कमी म्हणून निधी कमी, हा न्यायही फसवा आहे : इबोलाचा भार नगण्य दिसे, पण २०१४ ते २०१६ च्या साथीत ११ हजारांहून अधिक माणसे गेली.

खर्च मोजून संशोधनाचे मोल कळतेच असे नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन उपयोगी पडते हे कोकणातल्या रुग्णांवर दाखवून दिले. प्राझोसिन ही रक्तदाबाची जुनी गोळी. रुग्णाच्या खाटेजवळ बसून केलेले असे काम निधीच्या तक्त्यात जवळपास दिसतच नाही.